लॉकर नंबर एकशे चौदा

फेब्रुवारीपासून आमच्या फ्रिजवर चित्रांची रांग होती :
गाडी. फाटक. मनगटावरचा पट्टा. घोड्यांची चक्री.
सॉसेज, पावाशिवाय. गाडी. घर.
रोज रात्री दात घासून झाले की इल्वा
रांगेवरून बोट फिरवायची
आणि घराशी पोचली की झोपायची.

मी थंड मालाचा ट्रक चालवतो,
मासे, लोणी, पार नॉर्वेच्या हद्दीपर्यंत.
तीन आठवड्यांचा ओव्हरटाइम दोन तिकिटांत गेला.
हे आधीच सांगून टाकतो,
म्हणजे नंतर त्याचं काही वाटून घ्यायला नको.

चक्रीला नवा रंग दिला होता.
चित्रातले घोडे पांढरे, इथले निळे.
एवढंच झालं.
पण चार महिने जागेवर असलेली पायरी
पाय टाकताच नसली,
तर माणूस काय हळू आवाजात पडतो?

खडीवर मी तिच्याभोवती ओणवा,
तिच्या डोक्याखाली माझा तळहात.
पाणी दगडाला वळसा घालतं तशी माणसं जात राहिली.
एका बाईने आइस्क्रीम पुढे केलं,
एकाने मोबाइल.
वर कुठेतरी गाडी कड्यावरून सुटली
आणि तीसएक माणसं एकदम किंचाळली.
त्यांच्याकडे कुणी वळून बघितलं नाही.
त्यांनी पैसे भरले होते.
भरले तर मीही होते.

मग ती उठली. नाक माझ्या बाहीला पुसलं.
कुणी हाक मारल्यासारखी चालू लागली,
स्वच्छतागृहांच्या मागे,
जिथे सामान ठेवायच्या कपाटांची पिवळी भिंत आहे.

एकशे चौदा.
दार उघडायचं. आत बघायचं. आत काही नाही.
लावायचं. आधी खट्, मग खोलवर एक बारीक टक्.
तो दुसरा आवाज
मला पंधराव्या खेपेला ऐकू आला.

तासाभराने एक मुलगा आला, पुढचे दोन दात पडलेला,
मेल्केर नाव, हे त्याच्या टोपीवरच लिहिलेलं.
बराच वेळ बघून त्याने मला विचारलं,
"ह्याच्यासाठी उंची किती लागते?"
"काही नाही," मी म्हणालो. "रांग मात्र आहे."
तो रांगेत उभा राहिला.
एकटाच, पाय जुळवून.

इल्वाने आणखी तीनदा दार लावलं.
मग बाजूला झाली. एक पाऊल.
त्याच्याकडे न बघता.
त्या पावलाचं चित्र आमच्या फ्रिजवर नव्हतं.

मेल्केरने दार उघडलं, डोकं आत घातलं.
"अंधार आहे," समाधानाने म्हणाला. "परत."

त्याची आजी माझ्या बाकावर येऊन बसली,
थर्मासच्या झाकणात मला कॉफी दिली.
"माझा भाऊ होता," ती म्हणाली. "ऐन्नार.
तळ्याकाठच्या मोठ्या घरात ठेवला होता त्याला,
रविवारी आम्ही भेटायला जायचो.
त्यालाही दारांचं वेड.
पण तिथली दारं बाहेरूनच उघडायची."
पुढे काही बोलली नाही.
मीही कॉफी पीत राहिलो, फार गोड होती.

निघालो तेव्हा रात्रीचे नऊ, आणि ऊन तसंच,
जूनमध्ये आमच्याकडे संध्याकाळ संपतच नाही.
सॉसेज तिने गाडीत खाल्लं, थंड,
पाव मी.
गुनव्होरचा फोन आला, कशात कशात बसलात?
मी म्हणालो, घरी आल्यावर सांगतो.
अजून नीट सांगता आलेलं नाही.

झोपायच्या आधी इल्वाने
रांगेतून घोडा काढला,
फ्रिज उघडला, तो लोण्याच्या कप्प्यात ठेवला,
दार लावलं, कान टेकून उभी राहिली.
मग गाडी, फाटक, पट्टा, सॉसेज, गाडी, घर.

सकाळी पावाला लोणी लावताना
माझ्या हाताला पांढरा घोडा लागला, गार.
ठेवून दिला होता तसाच.
दार हळू लावलं,
आणि जरा थांबलो.